तीन आरसे आणि एक बसलेला घसा

घसा बसला म्हणून पंधरा दिवस तो तरुण नट जवळजवळ मौनात होता. डॉक्टरांनी बजावलं होतं: पाठ म्हणायचे नाहीत, बोलणंही गरजेपुरतंच, उपचार चुकवायचे नाहीत, मग कार्यक्रमाच्या दिवशी आवाज ठणठणीत असेल. तसा तो होताही. मंचावर उभा राहिला तेव्हा घोगरेपणाचा मागमूस नव्हता. निम्मा कार्यक्रम व्हायच्या आत घोगरेपणा परतला आणि शेवटी शेवटी तर तोंडातून धड शब्द फुटेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उपचार चालू ठेवू या. याला ते पटलं नाही. त्यानं उलट विचारलं: तुम्ही सांगितलंत ते सगळं मी केलं. सुरुवातीला आवाज चांगला होता, संपताना गेलेला होता. मग त्या संध्याकाळी आवाज वापरताना मीच काहीतरी करत असणार, नाही का? डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि मान्य केलं. ते 'काहीतरी' नेमकं काय, सांगता येईल? नाही, ते मात्र नाही सांगता येणार.

या सगळ्या प्रकरणात मला हे डॉक्टर फार आवडतात. औषधाची आणखी एक बाटली हातात ठेवून पेशंटला वाटेला लावणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी 'मला माहीत नाही' म्हटलं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

पेशंटचं नाव फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर. जन्म २० जानेवारी १८६९, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेटावर, विनयार्ड गावाजवळ. पोर अपुऱ्या दिवसांचं, लहानपणापासून श्वासाचा त्रास. वडील लोहार. पोरगेल्या वयातच एका कथिलाच्या खाणीच्या कंपनीत कारकुनी केली, पैसे गाठीला बांधले आणि १८८९ साली मेलबर्न गाठलं. तिथे नाटकं पाहिली, संगीत ऐकलं, वक्तृत्वाचे धडे घेतले आणि एकट्यानं मंचावर उभं राहून शेक्सपिअर म्हणून दाखवण्याचा धंदा पत्करला. माइक अजून यायचा होता. आपल्याकडे तेव्हा किर्लोस्कर मंडळी नाट्यगृहं गाजवत होती आणि त्यांच्याही नटांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला स्वतःच्या छातीखेरीज दुसरं साधन नव्हतं. अशा धंद्यात घसा बसणं म्हणजे सुताराचा हात मोडणं.

मी निवेदनं करतो. लग्नाच्या स्वागतसमारंभापासून बँकेच्या वार्षिक सभेपर्यंत, मिळेल ते. आमच्यात घसा बसला की उपायांची यादी ठरलेली असते: मिठाच्या गुळण्या, हळद-दूध, ज्येष्ठमधाची काडी, खडीसाखर, आणि 'उद्या अजिबात बोलू नकोस'. सगळे उपाय घशावरचे. आपली भाषाही तीच दिशा दाखवते. गाणाऱ्याचा 'गळा' गोड, तयारी 'गळ्याची', आवाज गेला की 'घसा बसला'. जणू बाकीचं अंग त्या वेळी घरी ठेवलेलं असतं. माझ्या आवाजाचा कार्यक्रमानंतर दर वेळी भुगा व्हायला लागला तेव्हा एका मित्रानं मला अलेक्झांडरची ही हकीकत सांगितली. ती अलेक्झांडरनं स्वतःच १९३२ साली छापलेल्या पुस्तकात तपशिलानं लिहून ठेवली आहे.

तर डॉक्टरांकडून परतल्यावर त्यानं आरसा लावला. आधी आरशासमोर साधं बोलून पाहिलं. काही वावगं दिसेना. मग मंचावर म्हणतो तसं म्हणायला लागला आणि लगेच तीन गोष्टी दिसल्या. डोकं मागे ओढलं जात होतं. स्वरयंत्र खाली दाबलं जात होतं. आणि तोंडानं श्वास घेताना धापेसारखा आवाज होत होता. हा शेवटचा आवाज मित्रांनी त्याला आधीच सांगितला होता, त्यानं मनावर घेतलं नव्हतं. मग पुन्हा साधं बोलून पाहिलं, तर त्या तिन्ही गोष्टी तिथेही होत्याच, फक्त इतक्या बारीक की पहिल्यांदा नजरेतून सुटल्या. घसा रोजच्या बोलण्यात का टिकतो आणि मंचावर का बसतो याचा उलगडा इथे झाला. सवय तीच होती, मंचावर तिचा जोर वाढत होता.

आता या तिघांत कारण कोणतं आणि परिणाम कोणता? अलेक्झांडरनं ते तर्कानं ठरवलं नाही, एकेक थांबवून पाहिलं. धापेचा श्वास थांबवायचा म्हटला, थांबेना. स्वरयंत्र दाबणं थांबवायचं म्हटलं, जमेना. डोकं मागे जाणं मात्र थोडंफार रोखता आलं. आणि ते रोखलं तेव्हा बाकीच्या दोन गोष्टी आपोआप कमी झाल्या. काही काळानं डॉक्टरांनी तपासलं तेव्हा घशाची आणि स्वरतंतूंची अवस्था सुधारलेली दिसली.

मानेचा आणि आवाजाचा हा संबंध डोळ्यांसमोर यायला थोडं शरीर समजून घ्यावं लागतं. स्वरयंत्र मानेत पक्कं बसवलेलं नाही, टांगलेलं आहे. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालेसारखं एक छोटं हाड असतं. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही; स्नायूंनी आणि बंधांनी ते अधांतरी धरलेलं असतं. त्याच्याखाली स्वरयंत्र. वरच्या दोऱ्या जबड्याला, जिभेला आणि कवटीच्या तळाला बांधलेल्या, खालच्या छातीच्या मधल्या हाडाला आणि खांद्याच्या पात्याला. चहूबाजूंनी दोऱ्या लावून टांगलेला पाळणाच म्हणा. आणि डोकं, जे साडेचार-पाच किलोचं असतं, ते या पाळण्याची वरची खुंटी. खुंटी मागे कलली की दोऱ्यांचे ताण बदलणारच. पुरुषाच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा कंप पावतात, बाईच्या बोलण्यात साधारण दोनशे वेळा. इतकं नाजूक काम त्या हिसक्यांत चाललेलं असतं.

करून पाहायचं असेल तर एक बोट कंठमण्यावर हलकेच ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी वर जातो. जांभई द्या, खाली येतो. आता दुसरा हात मानेच्या मागे, केस संपतात तिथे ठेवा आणि रस्त्यापलीकडच्या माणसाला मारावी तशी हाक मारा: 'अहो काका!' बहुतेकांच्या मागच्या हाताला हाकेच्या आधीच काहीतरी आवळल्यासारखं कळतं. हाकेच्या आधी, हे महत्त्वाचं. आवाज फुटण्यापूर्वीच मानेनं तयारी केलेली असते.

मी हे कपाटाच्या आरशासमोर केलं. हातात वर्तमानपत्र घेतलं, मथळे वाचले, काही दिसलं नाही. मग कार्यक्रमात म्हणतो तसं 'रसिकहो, नमस्कार!' म्हटलं आणि मानेमागे शर्टाची कॉलर केसांना टेकली. पुन्हा म्हटलं, पुन्हा टेकली. वीस वर्षं हे करत आलोय आणि या कॉलरची भेट आज होतेय, असं काहीसं वाटलं.

इथवरची गोष्ट सोपी आहे आणि बहुतेक जण ती इथेच संपवतात: मान मागे नेऊ नका, आवाज सुटेल. पण प्रकरणाचा गाभा पुढे आहे. अलेक्झांडरला वाटलं, डोकं मागे जातं तर ते पुढे ठेवावं. ठेवलं. एका मर्यादेपलीकडे पुढे नेलं तर स्वरयंत्र पुन्हा दाबलं जायला लागलं. शिवाय लक्षात आलं की छाती वर उचलली जाते, कंबर पोकळ होते, पाठ आखडते आणि एकूण माणूस बुटका होतो. डोकं, छाती, पाठ हे सगळं एकाच ओढीत बांधलेलं होतं. म्हणून त्यानं ठरवलं, डोकं पुढे आणि वर जाऊ द्यायचं, म्हणजे उंची आखडणार नाही. ठरवलं, आणि त्याला खात्री होती की आपण तसंच करतो आहोत.

तरी आवाज पूर्ण सुटेना. तेव्हा त्यानं मधल्या आरशाच्या दोन बाजूंना आणखी दोन आरसे लावले. बाजूनं पाहिलं आणि हबकला. डोकं पुढे नेतो आहोत असं आतून वाटत असताना, बोलायला सुरुवात करायच्या नेमक्या क्षणी ते मागेच जात होतं.

स्वतःच्या आवाजाचं पहिलं रेकॉर्डिंग ऐकताना 'हा मी?' असं होतं ना, तसंच हे अंगाच्या बाबतीत. फरक इतकाच की रेकॉर्डिंगला आपण शेवटी मान तुकवतो. अंगाची जाणीव खोटी असेल हे मानायला कोणी तयार नसतं. सवयीचं जे असतं ते बरोबर वाटतं आणि बरोबर केलेलं वाकडं वाटतं. गुरुजी 'मान सरळ कर' म्हणतात, विद्यार्थी सरळ वाटेल तशी करतो, आणि ती वाकडीच राहते. दोघंही प्रामाणिक असतात.

पायांचा तपशील तर मला सगळ्यात जास्त भावतो. वक्तृत्वाच्या एका शिक्षकानं त्याला कधीतरी सांगितलं होतं, पायांनी जमीन पकडून उभा राहा. याचा नीट अर्थ त्याला लागला नव्हता. पण शिक्षक सांगतात म्हणजे बरोबरच असणार, म्हणून तो पायाची बोटं आत वळवून, आवळून उभा राहत होता. भार तळव्याच्या बाहेरच्या कडांवर, पावलं कमानीसारखी बाकलेली. घशाच्या दुखण्याचा धागा असा चवड्यांपर्यंत पोचला. शिकवण्याच्या भाषेत 'पाय रोवून', 'छाती काढून', 'पोटातून', 'बेंबीच्या देठापासून' अशा सूचना सर्रास दिल्या जातात. देणाऱ्याच्या मनात चित्र असतं. घेणारा ती अक्षरशः स्नायूंवर बजावतो. 'पोटातून गा' ऐकून पोट दगडासारखं कडक करणारे किती तरी जण पाहिलेत, त्यांत एके काळी मीही होतो.

आता अडचण अशी की जाणीव भरवशाची नाही आणि हुकूम सोडून काम होत नाही. मग करायचं काय? अलेक्झांडर ज्या जागी आला ती जागा विचित्र आहे. त्याला दिसलं की गडबड बोलण्यात होत नाही, 'आता बोलायचं' हा विचार मनात येताच होते. म्हणून त्यानं तो विचार आला की आधी काहीच न करण्याचा सराव केला. मग मनातल्या मनात सूचना: मान मोकळी, डोकं पुढे आणि वर, पाठ लांब आणि रुंद. सूचना द्यायच्या, स्नायूंनी अमलात आणायच्या नाहीत. 'पुढे' याचा अर्थ कासवासारखी मान काढणं नव्हे. 'हो' म्हणताना डोकं जिथून हलतं तिथून ते किंचित पुढे कलतं, तेवढंच. हा सांधा आपण समजतो त्यापेक्षा बराच वर, जवळजवळ दोन कानांच्या मधोमध असतो.

सूचना चालू असताना ऐन वेळी तो पुन्हा नव्यानं ठरवायचा: ओळ म्हणायची, की म्हणायचीच नाही, की तिच्याऐवजी नुसता हात उचलायचा. तिन्ही वाटा खऱ्या अर्थानं उघड्या ठेवायच्या. काही वेळा तो खरोखरच हात उचलायचा आणि ओळ राहून जायची. कोणी बाहेरून पाहिलं असतं तर या बाबाचं डोकं फिरलंय असंच म्हटलं असतं. पण यातूनच सवयीची साखळी तुटली. बोलायचं ठरलं तरी मान आवळायची घाई राहिली नाही. यात काही वर्षं गेली. घोगरेपणा गेला आणि जन्मापासूनचा श्वासाचा त्रासही गेला, असं तो सांगतो.

पुढची हकीकत थोडक्यात. इतर नट आणि वक्ते त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. मेलबर्न, सिडनी आणि १९०४ मध्ये लंडन. नाटककार बर्नार्ड शॉ, कादंबरीकार अल्डस हक्सली आणि अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्याच्याकडे शिकले. १९५५ मध्ये तो लंडनला वारला. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९७३ च्या नोबेल व्याख्यानाचा मोठा भाग त्याच्या कामावर खर्च केला. आज जगभर संगीत आणि नाट्यशाळांत 'अलेक्झांडर टेक्निक' शिकवलं जातं.

हकीकतीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. साक्षीदार एकच, तोही स्वतः, आणि लिहिलं आहे जवळपास चाळीस वर्षांनी. आठवण इतकी नेटकी, इतकी पायरीपायरीनं चढत जाणारी नसते. त्याच्या १९१० च्या पुस्तकात इतर वंशांच्या लोकांबद्दल जे लिहिलं आहे ते आज वाचवत नाही. दक्षिण आफ्रिकेत त्याला भोंदू म्हणणाऱ्यांवर त्यानं खटला भरला आणि तो १९४८ मध्ये जिंकलाही, पण खटला जिंकणं म्हणजे शास्त्र सिद्ध होणं नव्हे. पुराव्याचं म्हणाल तर सगळ्यात भक्कम चाचणी पाठदुखीवर झाली: २००८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली, ५७९ रुग्णांची, आणि तिचा निकाल अनुकूल होता. आवाजाच्या बाबतीत मी शिक्षकांचा, गायकांचा आणि स्वतःचा अनुभव मोजतो, त्यापुढे दावा करत नाही. शिवाय घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत हटला नाही तर आरशाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. तंतूंवर गाठ असेल तर मान कितीही मोकळी करून काय उपयोग? अलेक्झांडरही आधी डॉक्टरकडेच गेला होता.

गंमत अशी की डॉक्टर घशात पाहायला जो आरसा वापरत आले, तोही एका गाण्याच्या शिक्षकाच्या डोक्यातून आला. मान्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि सूर्याचा उजेड वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. त्यांचा आरसा घशात उतरला, अलेक्झांडरचा घशापासून दूर सरकत पायांपर्यंत गेला.

आणि मानेचा हा दोष आपल्या लोकांनी कधीच टिपून ठेवला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, आजच्या दौलताबादला. त्यात गायकाचे पंचवीस दोष आहेत. दात आवळून गातो तो संदष्ट. मान वाकडी करून गातो तो वक्री. गाल भोपळ्यासारखे फुगवतो तो तुंबकी. तोंडाच्या आणि मानेच्या शिरा फुगवतो तो झोंबक. आपण याला मुद्रादोष म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण मुद्रादोष म्हटलं की तो दिसण्याचा प्रश्न होतो. रियाजाला समोर आरसा ठेव, असं गुरू सांगतात तेही बहुधा 'तोंड वाकडं दिसतंय' म्हणून. अलेक्झांडरच्या प्रकरणानंतर मला ती यादी ऐकण्याची यादी वाटायला लागली. दात आवळल्याचं आधी कानाला कळतं. मात्र त्याच यादीत हातपाय पसरून गाणारा प्रसारी हाही दोषी आहे, आणि तिथे माझं शार्ङ्गदेवाशी जमत नाही. भीमसेन जोशींची मैफल पाहिलेला कोणीही हालचालीला सरसकट दोष देणार नाही. हात किती फिरले याच्याशी आवाजाला देणंघेणं नसतं, मान कुठे गेली याच्याशी असतं. दिंडीत टाळ वाजवत पावली खेळणारा वारकरी दिवसभर गातो. पाय चालू असताना मान आवळून धरणं मुळात अवघडच.

अलेक्झांडरच्या तंत्राचे शिक्षक पहिले काही धडे खुर्चीवर घेतात, आवाजाचं नावही काढत नाहीत. खुर्चीतून उठा, बसा. कारण उठायचं मनात आलं की जवळपास प्रत्येक जण डोकं मागे टाकतो, तीच हाकेवेळची चाल. शिक्षकाचा हात मानेवर असतो आणि ती सुरू होताच त्याला कळते. दुसरा प्रकार पाठीवर पडून राहण्याचा: डोक्याखाली दोन-चार पुस्तकं, गुडघे वर, तळवे जमिनीवर, पंधरा-वीस मिनिटं. तिसरा कुजबुजत्या 'आ'चा. काहीतरी गमतीचं आठवायचं म्हणजे चेहरा सैलावतो, जिभेचं टोक खालच्या दातांशी, जबडा सुटू द्यायचा, नुसत्या हवेचा 'आ', मग तोंड मिटून श्वास नाकानं आपला आपण येऊ द्यायचा. श्वास ओढायचा नाही, हा सगळ्यात कठीण भाग. मला तो धापेचा आवाज बंद करायला चार महिने लागले, आणि लांबलचक नावं व पदव्या वाचताना तो अजूनही येतो.

गेल्या महिन्यात एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपक मध्येच बंद पडला. दोनशे माणसं, उघडं मैदान. पहिली हाक घातली आणि कॉलर केसांना टेकली. थांबलो. लोकांना वाटलं विसरलो. एक आजोबा पुढच्या रांगेतून म्हणाले, 'बोला बोला, ऐकू येतंय.' पुढचं वाक्य कॉलर न टेकता गेलं, त्याच्या पुढचं पुन्हा टेकून. कार्यक्रमाला हल्ली मी कॉलरचाच शर्ट घालतो. बिनकॉलरचे सगळे झब्बे बायकोनं वरच्या कप्प्यात टाकलेत.